हाव म्हणजे कबूल नव्हे

माझ्या पत्नीनं तीन वर्षं डॉक्टरांच्या एका समितीवर काम केलं. डॉक्टरकीतलं तिला काही कळत नव्हतं, आणि तिला घेतलं होतं ते नेमकं त्यासाठीच.

ती जाऊन आता सहा महिने होत आले. भेटायला आलेल्यांनी तिच्याबद्दल पुष्कळ सांगितलं. तिची शिस्त, तिचे गणिताचे तास, तिच्या हाताखालच्या मुली कुठे कुठे पोचल्या. समितीबद्दल मात्र कोणी बोललं नाही, कारण ते फारसं कोणाला ठाऊकच नव्हतं. रविवारी सकाळी दवाखान्याच्या मागच्या खोलीत चार-पाच माणसांत झालेलं ते काम. माझं अक्षर बरं म्हणून तिथलं इतिवृत्त लिहायला मला बसवत, त्यामुळे मी ते पाहिलं. आता सांगणारा मीच उरलो आहे, आणि मी सावकाश लिहिणारा माणूस आहे.

महाराष्ट्र राज्य झालं तेव्हा आम्ही दोघं शिकत होतो. ही गोष्ट त्यानंतर वीसेक वर्षांची. आम्ही नांदुऱ्यात राहत होतो. मी वाचनालयात ग्रंथपाल, ती मुलींच्या शाळेत शिक्षिका. तिचं माहेर मोताळ्याकडचं, भाजीपाला लावणाऱ्यांचं घर. लहानपणी शाळेत जाण्याआधी तिनं वांग्याच्या वाफ्यांना पाणी दिलेलं होतं, आणि हे ती वर्गात अभिमानानं सांगत असे.

गावात एक धर्मादाय दवाखाना होता. तिथे कातडीच्या रोगांचा एक तरुण डॉक्टर आला. आपल्याच जिल्ह्यातला, शेतकऱ्याचा मुलगा, मुंबईला शिकलेला. त्याच्याबद्दल मला तेव्हाही आदर होता आणि आजही आहे, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे तो थोडा रागावलेला दिसेल.

त्याचं सगळं लक्ष पांढऱ्या डागांकडे होतं. कोड म्हटलं की आमच्याकडे लोक आवाज खाली आणत. दुखत नाही, खुपत नाही, कोणाला लागत नाही. पण मुलीच्या अंगावर डाग दिसला की सोयरीक मोडलीच. डॉक्टर आपल्या कॉलेजातल्या गुरूंबरोबर एक नवी रीत करून पाहत होता. रोग्याच्या मांडीवरून नखाएवढी पातळ कातडी काढायची. ती औषधाच्या पाण्यात ठेवून तिच्यातल्या पेशी सुट्या करायच्या; त्यांतच कातडीला रंग देणाऱ्या पेशी असतात. मग पांढरा डाग वरवर खरवडायचा आणि त्यावर हे पेशींचं पाणी सोडून पट्टी बांधायची. पेशी तिथे रुजल्या तर रंग येईल. रुजतात की नाही, कितीजणांत रुजतात, हेच पाहायचं होतं. असं काही माणसांवर करून पाहायचं तर आधी एका समितीनं ते तपासावं आणि समितीत डॉक्टर वा वकील नसलेलं निदान एक माणूस असावं, असं त्याच्या कॉलेजनं त्याला कळवलं होतं.

तो आमच्या घरी आला.

"बाई, महिन्यातून एक रविवार. कागद वाचायचे आणि सही करायची."

"कळलं नाही तर?"

"तर विचारायचं."

"आणि उत्तर पटलं नाही तर?"

तो हसला. "असं सहसा होत नाही."

"मग मला कशाला नेता?"

"डॉक्टर-वकील सोडून एक साधं माणूस लागतंच. त्यातून बाईमाणूस असलं तर बरं. रोग्यांत बायका आहेत."

तो गेल्यावर ती मला म्हणाली, "मला करवली म्हणून नेतायत. मागं उभं राहायचं आणि हातातला करा सांभाळायचा." पण गेली. कागदांचा गठ्ठा घेऊन आली आणि तीन दिवस शाळेच्या वह्यांसारखा तो लाल शाईनं तपासत बसली.

समितीचे अध्यक्ष एक निवृत्त सिव्हिल सर्जन होते. घाटावरचे, कमी बोलणारे. एक वकील होते. आणि ही. पहिल्या बैठकीत तिनं आपला गठ्ठा पुढे सरकवला. पहिल्या पानावर ऱ्हस्व-दीर्घाच्याच अकरा-बारा चुका लाल झालेल्या.

डॉक्टर म्हणाला, "बाई, शुद्धलेखन नको, मत हवंय."

"ते पुढच्या पानावर आहे."

पुढच्या पानावर एकाच शब्दाभोवती गोल होता. संमतीपत्रात लिहिलं होतं, 'मी स्वखुशीने माझ्यावर पेशी-लागवडीचा उपचार करून घेत आहे.' गोल 'उपचार' या शब्दाला होता.

"हा उपचार आहे का?" तिनं विचारलं.

"होईल, यशस्वी झाला तर."

"म्हणजे आज नाही."

"आज प्रयोग आहे. पण प्रयोग लिहिलं तर लोक पळतील, बाई. त्यांना उंदीर-ससे आठवतील."

"पळणाऱ्याला पळू द्या. जो थांबेल तो कशासाठी थांबला हे तरी त्याला ठाऊक असेल."

वकिलांनी खोकल्यासारखं केलं. डॉक्टर म्हणाला, 'लागवड' हा शब्द त्यानं स्वतः शोधला होता. इथल्या लोकांना समजावा म्हणून. तो आपलं समजावणं किती नीट आहे हे दाखवायला एक फाइल उघडू लागला. वेळ वाचावा म्हणून त्यानं अकरा जणांच्या संमत्या आधीच घेऊन ठेवल्या होत्या.

अध्यक्षांनी चष्मा काढला. "आमच्या आधी?"

"सगळ्यांना एकेक तास समजावून सांगितलंय, सर. सगळे हो म्हणालेत."

ती फाइल चाळत होती. एका पानावर थांबली. कागद एका मुलीचा होता, रोहिणखेडजवळच्या एका गावची. खाली तिच्या वडिलांचा अंगठा. मुलगी एकोणीस वर्षांची होती, आणि नांदुऱ्यात मावशीकडे राहून माझ्या बायकोच्याच शाळेतून मॅट्रिक झालेली होती.

"ही पोरगी निबंधात पहिली यायची," ती म्हणाली. "तिच्या कागदावर अंगठा?"

"वडील बरोबर होते, म्हणून वडिलांचा घेतला."

"कातडी कोणाची आहे?"

मग ती अध्यक्षांना म्हणाली की या अकरांतल्या एकाला तरी आपण बोलावू. अध्यक्ष म्हणाले, समिती कागद पाहते, रोगी पाहत नाही. ती म्हणाली, "कागद मी पाहिला. ज्यानं त्यावर अंगठा केला त्यानं तो पाहिलाय का, एवढंच बघायचंय."

पुढच्या रविवारी त्या मुलीला आणि तिच्या वडिलांना बोलावलं. वडील खुर्चीच्या अगदी कडेला बसले. धुतलेली टोपी, हातात एस.टी.चं तिकीट तसंच धरलेलं. मुलगी मागं उभी. कोपराखाली हात पदरात गुंडाळलेला. डाग मनगटावर होता आणि एक कानाखाली मानेवर. माझी बायको शाळेची मराठी बाजूला ठेवून माहेरच्या बोलीत शिरली.

"दादा, पोरीले काय करनार हायेत, सांगा बरं मले."

"डॉक्टरसायेब सांगतीन ना."

"डॉक्टरसायबाले ठाऊकच हाय. तुमाले काय ठाऊक हाय ते पाहून राह्यलो आमी."

ते थोडे सैल झाले. "लागवड करतेत. मांडीचं रोप काढून मनगटाले लावतेत. दिवाईपावतर भरून येते."

"अन् मानेले?"

"मानेलेबी."

डॉक्टर पुढे झुकला. "काका, मी तुम्हाला सांगितलं होतं. दोन डागांपैकी एकावरच पेशी टाकणार. दुसरा खरवडून नुसतं पाणी सोडून पट्टी बांधणार. फरक पेशींनी पडला की नुसत्या खरवडण्यानं, ते कळायला पाहिजे म्हणून. तुम्ही हो म्हणालात."

"हाव."

"मग?"

"हाव म्हटलं ना मी. पर एकालेच काऊन? दुसऱ्यानं काय घोडं मारलं?"

वकील मोठ्यानं हसले. मागं उभ्या मुलीच्या तोंडावरही हसू येऊन गेलं. वडील कोणाकडे पाहावं ते न कळून आपल्या टोपीला हात लावून बसले. माझी बायको हसली नाही.

"अन् रोप नाईच लागलं तं, दादा?"

"नांग्या भरतीन."

लावलेल्यातलं जे रोप मरतं तिथली मोकळी जागा पुन्हा लावून घ्यायची, त्याला नांग्या भरणं म्हणतात. प्रत्येक बागाईतदार ते करतो. त्याशिवाय लागवड पुरी होत नाही. डॉक्टरनं 'लागवड' म्हटलं त्याच वेळी या माणसानं नांग्याही धरून ठेवल्या होत्या. चूक त्याची नव्हती. तो शब्द त्याला डॉक्टरपेक्षा जास्त ठाऊक होता.

"नाही, काका," डॉक्टर सावकाश म्हणाला. "यात पुन्हा नाही लावता येत. एकदाच."

वडिलांनी त्याच्याकडे वळून पाहिलं. "हाव?"

त्यांच्या तोंडचा तो पहिला हाव असा होता की ज्यात प्रश्न होता.

त्यांना चहाला बाहेर पाठवल्यावर डॉक्टर म्हणाला, "मी खरंच एक तास बसलो होतो त्यांच्यापाशी. प्रत्येक वाक्याला हाव म्हणत होते."

"म्हणणारच," ती म्हणाली. "तुम्ही बोलत होता ना. मोठं माणूस बोलताना गप्प बसणं बरं दिसत नाही. गोष्ट ऐकताना पोरं हुं-हुं म्हणतात तसा तो हाव. हाव म्हणजे ऐकून राह्यलो. हाव म्हणजे कबूल नव्हे."

"बाई, मीही याच जिल्ह्यातला आहे."

"मग तुमच्या बाबांना आठवा. तुम्ही सांगता तेव्हा ते हाव म्हणतात की नाही?"

तो रागावलेला होता, तरी त्याला हसू आवरेना. "म्हणतात. आणि मग स्वतःच्याच मनाचं करतात."

अध्यक्ष माझ्याकडे वळले. "लिहा," म्हणाले. त्या दिवशीचा ठराव मला अजून जसाच्या तसा आठवतो, कारण ती सांगत होती आणि मी लिहीत होतो. रुग्णाचे 'हो', 'हाव' अथवा मान हलविणे ही संमती समजू नये. कागद रुग्णाने घरी न्यावा. आठ दिवसांनी परत येऊन काय करणार आहेत ते आपल्या शब्दांत सांगावे. ते त्याच शब्दांत लिहून घ्यावे. मगच सही अथवा अंगठा, आणि तो रुग्णाचाच. आधीच्या अकरा संमत्या रद्द.

"हे इंग्रजीत कॉलेजला कसं कळवू?" डॉक्टर म्हणाला.

"सगळं इंग्रजीत कळवा," वकील म्हणाले. "हाव तेवढा तसाच ठेवा."

नवा कागद तिनंच लिहिला. दोन आठवडे लागले. लिहिलेलं ती शाळेतल्या शिपाई बाईंना वाचून दाखवी आणि त्या जिथे अडत तिथे वाक्य मोडी. शेवटी एक पान झालं. 'हा प्रयोग आहे,' अशी सुरुवात. 'असं समजा की दोन वाफे आहेत. दोन्ही खुरपणार. एकात रोप लावणार, दुसरा रिकामा ठेवणार. कोणत्यात लावलं ते तुम्हाला सांगणार नाही. लागेल का मरेल ते कोणालाच ठाऊक नाही. नांग्या भरता येणार नाहीत.' डॉक्टरनं वाचलं, 'खुरपणार' काढून 'खरवडणार' करायला लावलं, आणि एक वाक्य स्वतः घातलं: जिथून कातडी काढली तिथे नवा पांढरा डागही उठू शकतो. आधीच्या कागदात हे इतक्या बारीक अक्षरांत होतं की माझ्याही नजरेतून सुटलं होतं.

हे सगळं ठीक चाललं आहे असं मला वाटत होतं. मग एका दुपारी ती मुलगी एकटीच आमच्या दारात उभी राहिली. माझी बायको नुकतीच शाळेतून आलेली.

"बाई, माया कागद तुमी काऊन अडवला?"

"ये, बस आधी."

"बसायले नाही आली. पाव्हणे पाहून गेलते. पसंत पडली मी. लांब बाह्यांचं पोलकं घातलं होतं, पदर असा घेतला होता. तुयशीचं लग्न झालं का आमचं हाय. त्याच्या आंधी डाग भरले पायजेत. डॉक्टर करून राह्यले होते, तं तुमीच मंधात आल्या. माया बाई असून!"

शेवटच्या शब्दांनी तिचा आवाज फुटला. माझी बायको उभीच होती. मी पुस्तकात डोकं घातलं, पण ओळ पुढे सरकेना.

"दिवाळीपर्यंत भरतील असं कोणी सांगितलं?"

"बाबा म्हन्ते."

"डॉक्टरांनी सांगितलं?"

ती थांबली. "नाही. बाबानं धरली दिवाई."

"हा नवा कागद घे. तुला वाचता येतो. आठ दिवस ठेव जवळ. मग येऊन मला सांग यात काय आहे. बाबांनी नाही, तू."

"अन् मी हो म्हटलं तं?"

"तर तुझ्या सहीनं होईल. मी अडवणार नाही."

"तुमी माया जागी असत्या तं काय केलं असतं?"

"मी नाही ना तुझ्या जागी. म्हणून तर तुला विचारून राह्यले."

मुलीनं कागद हिसकावल्यासारखा घेतला आणि गेली. बायकोनं दार लोटलं. मग आत येऊन म्हणाली, "मी तिचं वाटोळं तर करत नाही ना?"

पुस्तक कुठल्या कपाटात आहे एवढं मला चटकन सांगता येई. अशा प्रश्नांना मी कधीच उपयोगी पडलो नाही. मी चहा ठेवला. ती म्हणाली, मुलीचं लग्न मोडलं तर समितीतल्या बाकीच्यांचं काही जाणार नाही, त्या मुलीचं जाईल, आणि तिला तोंड दाखवायची पाळी आपल्यावर येईल. पण म्हणून तिला खोट्या भरवशावर खरवडू द्यायचं, हेही तिला जमणारं नव्हतं.

आठ दिवसांनी मुलगी आली. वडीलही आले होते, ते खोलीत शिरू लागले तर तीच म्हणाली, "बाबा, तुमी भायेर बसा." ते बसले. ती टेबलासमोर, वर्गात कविता म्हणायला उभं राहावं तशी उभी राहिली. मी तिचे शब्द जसेच्या तसे लिहून घेतले.

"मांडीवरून नखाएवढी कातडी काढतीन. तिच्यातल्या पेशी सुट्या करतीन. मनगट अन् मान दोन्ही खरवडतीन. एकावर पेशी टाकतीन, एकावर नुसतं पानी. कोनत्यावर काय, ते मलेबी नाही सांगनार अन् पट्टी सोडून पाहनाऱ्या डॉक्टरलेबी नाही. रंग येईन का नाही ते कोनालेच ठाऊक नाही, म्हनून तं करून पाहून राह्यले. मांडीवर नवा डाग उठू शकते. रंग आला तरी सहा-आठ महिने लागतीन. मी नाही म्हटलं तरी मले पह्यलेसारखं मलम भेटन."

"इतकं नीट मला परीक्षेत सांगता आलं नव्हतं," डॉक्टर म्हणाला. तो खूष झाला होता. त्याचा हात सहीच्या कागदाकडे गेलाही होता.

"मग काय ठरवलंस?" माझ्या बायकोनं विचारलं.

"नाही."

डॉक्टरचा हात तसाच राहिला.

"आता नाही," ती म्हणाली. "मी हे तुयशीच्या लग्नाच्या भेवानं करून राह्यली होती. सहा महिने लागनार तं लग्नात डाग राह्यनारच. मंग लपवायचंच हाय तं खरवडायचं कायले? अन् लपवायचं नसंन तं घाई कायची? आंधी पाव्हण्याइले दाखवतो. मंग पाह्यतो."

"तुझी जागा दुसऱ्याला द्यावी लागेल," डॉक्टर म्हणाला. वाईट सुरात नव्हे. त्याला खरंच वाईट वाटलं होतं.

"द्या."

अध्यक्षांनी मला 'नाही' लिहायला सांगितलं. मी लिहिलं. मग ते डॉक्टरकडे पाहून म्हणाले, "हिला नाही म्हणता आलं, म्हणजे आता बाकीच्यांचं हो आलं तर मी सही करायला मोकळा." एवढ्या दिवसांत त्यांना इतकं लांब वाक्य बोलताना मी ऐकलं नव्हतं. मी माझ्या बायकोकडे पाहिलं. ती टेबलावरचे कागद सारखे करत होती. तिच्या वर्गात कोणी अवघड गणित सोडवलं की ती असेच खडूचे तुकडे सारखे करी, हे मला तिच्या मुलींनीच सांगितलेलं होतं. मला तिचा इतका अभिमान वाटला की पुढची ओळ लिहिताना दौत कलंडली. इतिवृत्ताच्या त्या पानावर शाईचा डाग आहे. तो माझा.

बाकीच्या दहांत काही जण गळाले, बरेच राहिले, काही नवे आले. कामाला दोन-तीन महिने उशीर झाला आणि त्याबद्दल डॉक्टर पुष्कळ दिवस कुरकुरत होता. नंतर कुरकुर थांबली. कोणाचे डाग भरले, कोणाचे अर्धे, कोणाचे नाहीच. एका माणसाच्या मांडीवर खरोखरच नवा डाग उठला. तो आला तेव्हा डॉक्टर घाबरून उभाच राहिला. तो माणूस धोतर सावरत बसला आणि म्हणाला, "तुमी सांगतलं होतं म्हना. पर मायाच नशिबी काऊन, हे नाही सांगतलं." दोघं हसले. मग डॉक्टरनं त्याला तपासलं. त्या संध्याकाळी डॉक्टर मुद्दाम आमच्या घरी हे सांगायला आला, आणि जाताना तिला वाकून नमस्कार करून गेला. असं त्यानं आधी कधी केलं नव्हतं. पुढे कॉलेजनं तिचा तो एक पानाचा कागद मागवून घेतला. त्यावर तिचं नाव कुठेही नव्हतं. मी ते बोलून दाखवलं तर म्हणाली, "वहीवर नाव मुलीचं असतं, बाईंचं नसतं."

त्या मुलीनं मात्र बोलल्याप्रमाणे पाहुण्यांना डाग दाखवले, आणि लग्न मोडलं. ही बातमी आम्हाला तिच्या मावशीकडून कळली. त्यानंतर समितीच्या दोन बैठकांत माझ्या बायकोनं तोंडही उघडलं नाही. एक दिवस शाळा सुटल्यावर ती कुठेतरी गेली आणि दिवेलागणीला पिशवीभर वांगी घेऊन परत आली. कुठून आणली विचारलं तर म्हणाली, "ताजी आहेत, भरीत करते." मीही पुढे विचारलं नाही. पण दुसऱ्या रविवारी ती पुन्हा पहिल्यासारखी लाल शाई घेऊन बसली.

मागच्या महिन्यात एक बाई भेटायला आल्या. साठीच्या, केस पांढरे, स्वतः शाळेतून निवृत्त झालेल्या. बसल्यावर पदर सारखा करताना कानाखालचा पांढरा डाग दिसला आणि मी ओळखलं. लग्न नंतर झालं होतं, डाग पाहून पुढे आलेल्याशी. त्यानंतरच्या वर्षी त्या स्वतःच्या सहीनं प्रयोगाच्या दुसऱ्या तुकडीत आल्या होत्या, ते मला आठवत होतं. मनगट भरलं. मान ही रिकामी ठेवलेली निघाली. डॉक्टर नंतर तीही करून देतो म्हणाले होते, पण तोवर मुलगा झाला आणि त्यांना वेळ मिळाला नाही, असं त्या सांगत होत्या.

मग म्हणाल्या, "सर, लगन मोडलं तेव्हा बाई आमच्या गावी आल्या होत्या. सांगतलं का तुमाले?"

"नाही," मी म्हटलं.

"नाही सांगतलं? एस.टी.नं आल्या, एकट्या. ओट्यावर बसल्या. आईनं पानी आनलं, ते घेतलंच नाही. मले म्हन्ल्या, तुझं लग्न माझ्यामुळे मोडलं. काय बोलायचं ते मला बोल, मी ऐकायला आले."

"मग तुम्ही?"

"मी काय? मले तं रागच आला. मी म्हटलं, बाई, डाग मी दाखवला. 'नाही' मी म्हटलं. मोडलं ते माया बोलन्यानं. त्याचं नाव तुमाले काऊन देऊ?"

त्या सांगतानाच हसू लागल्या. डोळ्यांतलं पाणी पदरानं पुसलं.

"मंग बाई लय हासल्या, सर. मी बाईले तसं हासताना शाळेत कधी नाही पाह्यलं. बाबा वांगे तोडायले वावरात गेले. अन् बाईनं मले पानी मागतलं."